चोडणच्या कांदळवनात जाताना आधी भरती बघा

चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नये, पणजीच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर ठरवावा. हिवाळ्यात पूर्ण भरती सकाळी आठच्या आसपास येते तो दिवस उत्तम. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे असा दिवस हुकला तर पुढचा पंधरवड्याने येतो.

1988 साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे. मांडवी आणि म्हापशाची नदी मिळतात तिथे, बेटाच्या पश्चिम टोकाला ते आहे. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारी बस पकडून रायबंदरच्या फेरी धक्क्यावर उतरावे. फेरीबोटीने पलीकडे गेले की प्रवेशद्वार पायी गाठता येते.

होडी आधी, पायवाट नंतर, हा क्रम उलटा करू नये. होडीचे वन खात्याकडे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. ती चढत्या पाण्यावर आत शिरली पाहिजे. ओहोटीत खाडीचे फाटे इतके उथळ होतात की तळ चिखलाला टेकतो आणि मग नुसते बसून राहायचे. आत इंजिन अगदी हळू चालवायला सांगावे. जोराच्या लाटेने काठाची माती सुटते, आणि खंड्या तर आवाजानेच उडून जातो.

भरती वळली की पायवाटेवर यावे. पुढचे दीड-दोन तास खरे मोलाचे. चिखल वाटेजवळ उघडा पडू लागतो आणि तुतवार, बगळे तिथेच टिपायला उतरतात. अगदी सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, गेलात तर पक्षी पाण्यामागे लांब सरकलेले असतात, 8×42 ची दुर्बीणही मग अपुरी पडते. स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही.

पक्षी नसले तरी खाली बघावे. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चकाकतात. मुळांतून आत आलेले मीठ झाड पानातून बाहेर टाकते. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीची श्वसनमुळे वर आलेली असतात. त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून झाड श्वास घेते ते या मुळांनी. फोटोसाठी वाटेखाली पाय टाकला की पहिली मोडतात ती हीच. निवटे, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे वाटेवरूनही नीट दिसतात, खाली उतरायची गरजच नाही. गेवा या कांदळवनातल्याच झाडाची फांदी मात्र मोडू नये. तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासे होते. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणारे महाभाग भेटतात, त्यांना हटकावे.

पायात पकड असलेले बूट हवेत, शेवाळावर चप्पल घसरते. लांब बाह्यांचा मळखाऊ रंगाचा शर्ट घालावा, डासांचे मलम फेरीवरच लावून घ्यावे. पाणी आणि खाणे बरोबर न्यावे. रिकामी बाटली परत आणावी, कारण मुळांत अडकलेले प्लास्टिक भरतीबरोबर आणखी आत जाते.

शनिवार-रविवारी परतीच्या फेरीला गाड्यांची रांग लागते. गाडी रायबंदरलाच ठेवलेला माणूस चालत चढतो आणि आधी पलीकडे पोहोचतो.