पंपाची सवय लागते का?

"पोरीला पंप सुरू केलाय म्हणे. सवय नाही ना लागणार?" शाळेच्या गेटपाशी, लग्नकार्यात, हळदीकुंकवाला दम्याच्या पंपाबद्दल, म्हणजे इनहेलरबद्दल, हा प्रश्न मला हमखास येतो. मला लहानपणापासून दमा आहे. माझ्या लेकीला तान्हेपणी इसब होता, पुढे तिलाही दमा निघाला. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नाही, सवय लागत नाही. दमा टिकून राहणारा आजार आहे, म्हणून औषधही टिकून घ्यावं लागतं. थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या सासूबाईंना तिची सवय लागली, असं आपण म्हणत नाही.

आता मापाचं बोलू. साल्ब्युटामॉल या धाप कमी करणाऱ्या औषधाच्या पंपातून एका वेळी १०० मायक्रोग्रॅम औषध सुटतं. तेच औषध सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सहसा २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम असतं. पंप वीस वेळा दाबावा तेवढं! शिवाय सिरप पोटातून रक्तात आणि तिथून अंगभर जातं, म्हणून मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध जिथं हवं तिथंच, श्वासनलिकेत पोचतं. तरीही घरोघरी सिरप साधं आणि पंप जालीम मानला जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण काही मिनिटांत मोकळी होऊ शकणारी छाती घेऊन पोर रात्रभर उशीला टेकून बसतं.

पंप दोन प्रकारचे असतात, हे दवाखान्यात घाईत सांगितलं जातं आणि घरी येईतो विसरलं जातं. एक तात्पुरता, धाप लागली की घ्यायचा. दुसरा रोजचा, स्टेरॉइडचा. तो श्वासनलिकेची सूज उतरवतो. खोकला थांबला की लोक नेमका हा दुसरा बंद करतात, आणि आतली सूज तशीच राहते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात, की बारा वर्षांच्या पुढच्या कुणीही नुसत्या तात्पुरत्या पंपावर राहू नये. स्टेरॉइडने उंची खुंटते का? लहानपणी काही वर्षं असा पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. तो सेंटीमीटर मला मान्य आहे. लेकीला धावता आलं पाहिजे. लहान मुलाला पंप नेहमी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लावूनच द्या, नाहीतर बरंचसं औषध घशातच आपटतं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा.

मुलगी असली की आणखी एक भीती, लग्न जमण्याची. मग पंप पर्सच्या तळाशी जातो आणि लग्नानंतरही तिथंच राहतो. दिवस गेले की कित्येकजणी बाळाच्या काळजीनं तो स्वतःहून बंद करतात. बाळाला प्राणवायू आईच्याच श्वासातून मिळतो. दमा आटोक्यात नसेल तर बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा बळावतो, म्हणून पंप चालू ठेवून डॉक्टरांना वरचेवर दाखवायचं. अंगावर पाजतानाही तो चालतो.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी मात्र मी होऊ दिली नाही. शेगडीत ओवा, बाळंतशेपा, ऊद टाकणाऱ्या आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण कोवळ्या फुप्फुसांना धूर तो धूरच. मच्छर कॉइलचंही तेच.

इसबाच्या बाळाला डाळीचं पीठ चोळू नका, आधीच कोरडी कातडी आणखी सोलते. कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, अंग टिपून लगेच जाड मलम, आणि तेही रोज. लाल चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम सांगितलेले दिवस लावायला घाबरू नका. घाबरायचं ते खाजेवर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबला. चेहऱ्यावर ती महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते. कुणाच्या सांगण्यावरून दूध, अंडं, डाळ असं एकेक बंदही करू नका. नुसत्या ॲलर्जीच्या तपासणीत आकडा वाढलेला दिसला म्हणजे त्या पदार्थाची ॲलर्जी ठरत नाही. तो खाल्ल्यावर काय होतं, हे डॉक्टरांशी बोलून ठरतं.

आणि एवढं फ्रिजवर लिहून चिकटवा. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप देऊन चार तासही झाले नसताना पुन्हा धाप लागली असेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा, आणि वाटेत स्पेसरमधून तात्पुरता पंप देत राहा.