‘पत्रात काहीच नाही हो’

साडेदहाच्या सुमारास फोन आला. "तुमचं पत्र आलंय, पण त्यात काहीच नाही हो."

एका जुन्या वाचनालयाचं मासिक वार्तापत्र आम्ही ईमेलनं पाठवतो. तो दिवाळी अंकांच्या योजनेचा महिना होता. अंकांची मोठी यादी, वर्गणी, नावनोंदणीची शेवटची तारीख असं सगळं आदल्या रात्री सभासदांना गेलं होतं. मी सवयीनं म्हटलं, "काका, वर ‘चित्रं दाखवा’ असं येत असेल, तिथे क्लिक करा."

"मला दिसत नाही. मी ऐकतो. कॉम्प्युटर ‘ग्राफिक’ म्हणतो आणि गप्प बसतो."

मला काय बोलावं सुचेना. कारण ते म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. आमचं पत्र म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच जेपीईजी, म्हणजे एक चित्र होतं. वेबपेजसारखी सुबक मांडणी ईमेलमध्ये टिकवणं अवघड असतं. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७च्या आवृत्तीपासून एचटीएमएल (वेबपेजची कोडभाषा) दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलं, त्यामुळे ब्राउझरमध्ये शेजारी बसणारे दोन रकाने तिथे एकमेकांवर चढतात. चित्र मात्र कुठेच मोडत नाही. म्हणून सहा महिन्यांपूर्वी आम्ही ही सोपी वाट धरली आणि तिला मंजुरी मीच दिली होती.

काका पुढे म्हणाले, "पाच-सहा महिने असंच येतंय. मला वाटलं, आता हे आमच्यासारख्यांसाठी नसेल." तीस वर्षांचे सभासद होते ते. मी त्यांना संध्याकाळपर्यंतची वेळ मागितली.

डिझायनरच्या फाइलमधून मजकूर कॉपी केला, तर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा ढीग हाती आला. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत; मजकूर ती येण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टमध्ये होता. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसतंच. म्हणजे चित्राऐवजी हा मजकूर जसाच्या तसा पाठवला असता, तरी काकांना बडबडच ऐकू आली असती. युनिकोडमध्ये रूपांतर केलं, तेव्हा ‘वर्गणी’चा रफार भलत्याच अक्षरावर आणि पहिल्या वेलांट्या विखुरलेल्या. दोघांनी मोठ्यानं वाचत मुद्रितं तपासली. दुपारचा डबा तसाच राहिला.

मग बांधणी. एकच रकाना, साधं टेबल, रंग-आकाराच्या सूचना प्रत्येक टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक खुणेत. टेबल फक्त मांडणीसाठी आहे हे कोडमध्ये सांगितलं, नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मध्येच ‘ओळ एक, रकाना एक’ म्हणत राहतो. भाषा मराठी असल्याची खूण घातली, म्हणजे मराठी आवाज असेल तर तो निवडला जातो. मुखपृष्ठांना शब्दांत वर्णन दिलं. सोबत नुसत्या मजकुराची प्रतही जोडली.

चाचणीचा मेल फोनवर जीमेलमध्ये उघडला आणि पत्र मध्येच तुटलं. खाली फक्त ‘संपूर्ण मेसेज पाहा’ अशा अर्थाची ओळ. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर झाकून टाकतं हे ठाऊक होतं, पण आमचं पत्र एवढं मोठं कसं? पत्राचा मूळ कोड उघडला आणि उलगडा झाला. रंग-आकाराच्या सूचना टॅगमध्ये भरणाऱ्या साधनानं प्रत्येक देवनागरी अक्षराचा आकडी संकेत करून टाकला होता. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ‘म’ला तीन बाइट लागतात, त्या संकेताला सात. मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचंही तेच. इंग्रजी पत्राला हा फटका बसतच नाही, म्हणून त्या साधनाच्या माहितीत याचा उल्लेखही नव्हता. एक सेटिंग बदललं आणि १३० केबीचं पत्र ८० वर आलं. तुटलेल्या भागात काय गेलं होतं तेही पाहिलं: शेवटची तारीख आणि नावनोंदणीचा फोन नंबर.

पावणेसातला पत्र आधी फक्त काकांना पाठवलं आणि फोन लावला. त्यांनी रिसीव्हर स्पीकरजवळ धरला असावा. यांत्रिक, सपाट आवाजात आमचं पत्र मला ऐकू येऊ लागलं. अंकांची नावं एकामागून एक येत होती. एका नावापाशी ते म्हणाले, "थांबा, परत ऐकतो." तेवढीच ओळ त्यांनी तीनदा ऐकली. मीही श्वास धरून ऐकत राहिलो.

पत्र संपल्यावर माझी क्षमायाचना त्यांनी मध्येच थांबवली. "ते राहू द्या. शेवटची तारीख उद्याची आहे ना? मग माझं नाव लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मग ‘आधीचं पत्र काही सभासदांना वाचता आलं नाही, त्याबद्दल क्षमस्व’ ही ओळ सगळ्यात वर घालून ते सगळ्यांना पुन्हा पाठवलं.