काकूंच्या ग्रिलला लटकलेली राणी

मुलुंडला आमच्या टेरेसवर सातेरीची, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीची, एक पेटी आहे. जानेवारी संपता संपता शेवगा आणि नारळ जोरात असला की ती ठासून भरते, आत माश्यांना उभं राहायला जागा नसते, मग राणीला घेऊन बऱ्याचशा माश्यांचा थवा नवं घर शोधायला बाहेर पडणार हे धरूनच चालायचं. यंदा तो पडला शनिवारी भर दुपारी, आणि बसला कुठे तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलला.

मी खाली येईपर्यंत अर्धी सोसायटी जमलेली, सेक्रेटरी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतायत, कोण म्हणतंय धूर करा, कोण म्हणतंय फायर ब्रिगेड. लोकांचंही चुकत नाही, मुंबईत मोहोळ म्हटलं की टॉवरच्या छज्जाखालचं आग्याच डोळ्यासमोर येतं आणि त्याला घाबरावंच. शांत होत्या फक्त काकू, त्या मूळच्या देवगडच्या. खिडकीतूनच ओरडल्या, "सातेरी आहे रे ही, तू वर ये, ह्यांना बोंबलू दे!"

थव्यातली माशी निघताना पोटभर मध पिऊन निघते आणि राखायला तिच्याकडे ना पिल्लं ना साठा, त्यामुळे ती सहसा चावायच्या मूडमध्ये नसते. घाई वेगळ्याच कारणासाठी होती. घर शोधायला गेलेल्या माश्या परत येऊन थव्यावरच नाचून जागेचा पत्ता सांगतात, एकमत झालं की सगळा थवा उडतो, आणि आमच्या एरियात ते एकमत कोणाच्या तरी डक्टवर होण्याची शक्यता जास्त. म्हणून टोपलीला आतून जुनं मेण चोळलं, ती थव्याच्या वर उलटी धरली, खालून पाण्याचा बारीक फवारा. माश्या वर चढायला लागल्या. राणी मला दिसली नाही, पण थोड्या वेळाने टोपलीच्या कडेला माश्या पोट वर करून पंख मारायला लागल्या, वास पसरवून बाकीच्यांना बोलवायला, म्हणजे राणीबाई आत गेल्या.

अंधार पडल्यावर थवा नव्या पेटीत सोडला, जुन्या पेटीतली पिल्लांच्या पोळ्याची एक चौकट मध्ये दिली, साखरपाणी ठेवलं आणि दाराला क्वीन गेट लावलं. सातेरी नाराज झाली की घर सोडून जायला वेळ लावत नाही, पण गेटच्या फटीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही, आणि राणीशिवाय बाकीच्या जाणार कुठे.

मेहुणा टॉर्च धरून उभा होता, म्हणाला, दुसरं गेट आहे ना, जुन्या पेटीलाही लाव, परत डोक्याला ताप नको. नेमकं तेच करायचं नसतं! थव्याबरोबर गेलेली राणी जुनी, तिचं मीलन कधीच झालंय, तिला कोंडलं तरी ती अंडी घालत बसेल. जुन्या पेटीत राहिले होते पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणारे राणीकोष, त्यातून निघणारी पोरगी कुमारी, तिला आठवडाभरात बाहेर उडून नरांशी मीलन करून यावंच लागतं. तिला गेट लावलं तर पेटी संपली. सकाळी मी फक्त कोष कमी केले, टोकाचं मेण उतरून तपकिरी झालेले दोन चांगले ठेवले, बाकीचे खुडले, नाहीतर एकेका पोरीमागे एकेक छोटा थवा निघतो आणि शेवटी पेटीत मूठभर माश्या उरतात. सगळे खुडणारेही बघितलेत मी, ते तर त्याहून वाईट, मग राणी येणार कुठून.

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला. वायरीवर वेडा राघू बसलेला दिसला की मी हातवारे करून हाकलायचो, कारण बाहेर गेलेली राणी त्याच्या चोचीत गेली तर आपल्याला कळतही नाही. शेवटी एकदा जुन्या पेटीतली चौकट उन्हाकडे धरली तर पोळ्याच्या प्रत्येक घरात एकेक अंडं, मधोमध उभं, म्हणजे पोरगी मीलन करून आली होती. राणी नसताना कामकरी अंडी घालतात तेव्हा एकाच घरात दोन-तीन कशीही पडलेली असतात, तसं काही नव्हतं.

कमिटीने दुसऱ्या पेटीला नाही म्हटलं, तेही ठीकच. म्हातारी राणी एका रात्री पेटीचं दार जाळीने बंद करून बदलापूरला मित्राच्या वाडीत पोचवली. टेरेसवर तरुण राणीच ठेवली, नवी राणी असलेली पेटी पुढच्या सीझनला थवा सोडायची शक्यता कमी असते, आणि काकू सोडल्या तर आमच्या बिल्डिंगमध्ये परत तो तमाशा कोणालाच नकोय.