दिवस ४३: आज दिवसा दुखणं पोटरीपर्यंतच

पहाटे चारला परत जाग आली, करंगळीने उठवलं. उजव्या पायाची. आधी ती गरम झाल्यासारखी वाटते, मग पायाच्या बाहेरच्या कडेने करंट वर सरकतो, आणि गंमत म्हणजे हात लावून बघितलं तर तीच करंगळी बधिर! दुखतंय तिथेच काही कळत नाही, हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे मुश्किलच आहे.

झालं कसं, तर जिममध्ये डेडलिफ्टचा (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) शेवटचा रेप होता, म्हणजे सेटमधली शेवटची उचल. ९० किलो. चौथ्यालाच कंबर गोल व्हायला लागलेली, मला कळलं होतं, पण पाच लिहायचे होते ना वहीत, मग ओढला. कमरेत टक् झालं, फार दुखलं पण नाही. वाटलं उसण भरली असेल, दोन दिवस शेकलं की जाईल. तिसऱ्या दिवशी शिंकले आणि कुल्ल्यापासून टाचेपर्यंत अशी कळ गेली की बेसिनला धरून उभी राहिले.

एमआरआयमध्ये आलं एल फाइव्ह एस वनची, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्याखालची गादी सरकलीये, तिथून पायात उतरणारी एस वनची नस चेपलीये. त्याआधी डॉक्टरांनी टाचेच्या मागे हातोडी मारली, डावं पाऊल टुणकन उडालं, उजवं ढिम्म. मग एका पायावर चवडे उचलायला लावले. डाव्यावर वीस सहज, उजव्यावर तीन. ९० किलो उचलणारी मी आणि स्वतःची टाच उचलता येईना, तिथे खरं रडू आलं. लघवीवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना हेही विचारलं, मला लाज वाटली, तर म्हणाले यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजता असलात तरी सरळ इमर्जन्सीत यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्याचं औषध) चालू आहे, रात्री ७५ मिग्रॅ. त्याने नस शांत होते की नाही देव जाणे, सकाळी मी मात्र तरंगत असते. मनाने बंद करू नका, हळूहळू कमी करायची असं बजावलंय.

कुठेतरी वाचलं होतं की नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, मी लगेच कंबर ते करंगळी मोजली, मीटरभर, म्हणजे हजार दिवस!! फिजिओताईंना हिशोब दाखवला तर त्या हसायलाच लागल्या. ते तुटलेले तंतू नव्याने वाढायचे असतील तेव्हाचं, म्हणाल्या, तुझी नस चेपलीये आणि गादीतला गर लागून सुजलीये, सूज उतरली की बरंचसं आपोआप सुटतं, बाहेर आलेला गरही बऱ्याचदा शरीर हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत चांगला फरक पडतो. मी सातव्यात आहे, म्हणून रोज मोजत बसते.

त्यांनी एक उलटंच गणित शिकवलंय. दुखणं किती यापेक्षा पायात खाली कुठपर्यंत ते बघायचं, जितकं वर कमरेकडे सरकेल तितकं चांगलं. पाय मोकळा होऊन कंबर जास्त दुखायला लागली तर खूश व्हायचं. घरी हे सांगितलं तर आई माझ्याकडे बघतच राहिली. पण माझ्या जिमच्या वहीत आता तेच लिहिते, जिथे सेट आणि किलो असायचे तिथे "टाच", "घोटा", "पोटरी". चालणं बरं वाटतं, बसणं नको वाटतं, वीस मिनिटांच्या वर खुर्ची म्हणजे शिक्षा. नस सरकवायचा व्यायाम आहे, पाय सरळ करताना मान वर, वाकवताना मान खाली, दहा वेळा, ओढ लागेल इतपतच. मी पहिल्या आठवड्यात तीस केले (सवय!) आणि रात्रभर जागी होते. स्नायूला रगडलं तर तो दोन दिवसांनी माफ करतो, नस त्याच रात्री हिशोब चुकता करते.

संध्याकाळी परत चवडे उचलून बघितले. उजव्यावर सात, आठवा अर्धा. वहीत सातच लिहिले.