थांब म्हटल्यावर थांबणारा अपडेट

आमच्या टीममध्ये कोणी नवीन आलं की माझी पहिली ताकीद ठरलेली: पोस्टग्रेस डेटाबेसच्या बॅकएंडवर, म्हणजे एकेक कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसवर, ‘किल -९’ ही प्रोसेस जागीच मारणारी कमांड चालवायची नाही. एक तसा मेला की पोस्टमास्टर, म्हणजे सर्व्हरची मुख्य प्रोसेस, बाकीच्या बॅकएंडनाही घालवतो आणि सर्व्हर रिकव्हरीत, म्हणजे क्रॅशनंतरच्या सावरण्यात, जातो.

चालू क्वेरी थांबवणारं ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ हे फंक्शन सभ्य आहे. ते बॅकएंडला सिगइंट हा ‘थांब’ सांगणारा सिग्नल पाठवतं, तो झेलणारा हँडलर फक्त एक फ्लॅग, म्हणजे खूण, लावतो. चालू कोड अधूनमधून ‘चेक_फॉर_इंटरप्ट्स’ने तो फ्लॅग बघतो, तेव्हाच क्वेरी थांबते. सीमध्ये एक्स्टेन्शन लिहिताना लांबलचक लूपमध्ये ही तपासणी घातली नाही, तर बसा कॅन्सल दाबत.

थांबल्यानंतरचा हिशेब निराळा. पोस्टग्रेसचा रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल रद्द करणं, जवळपास लगेच होतो, कारण जुन्या ओळी जागच्या जागी असतात. अर्धवट नव्या ओळींचा कचरा नंतर व्हॅक्यूम ही साफसफाईची प्रक्रिया उचलते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनात मात्र ‘किल क्वेरी’ने क्वेरी थांबवल्यावर प्रत्येक बदल अनडू लॉगमधून, म्हणजे जुन्या मजकुराच्या नोंदींमधून, उलटवावा लागतो. तासभर चाललेला अपडेट मारला तर उलटवायला कधीकधी त्याहून जास्त वेळ. वैतागून सर्व्हर रीस्टार्ट केला तरी सुटका नाही, उठल्यावर तो उरलेला रोलबॅक पुढे चालू करतो!

म्हणून मोठे डिलीट मी प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक ओळीच्या वेगळ्या ओळखक्रमांकाच्या, क्रमाने तुकड्यांत करते. काही हजार ओळी, कमिट (बदल पक्के), शेवटची की एका टेबलात नोंदवायची, थांबायचा निरोप आलाय का बघायचं, मग पुढचा तुकडा. अर्थात अर्धं डिलीट झालेलं चालणार असेल तरच. हिशेबाच्या टेबलांना हे चालत नाही, तिथे सगळं होईल किंवा काहीच नाही असं एकच ट्रान्झॅक्शन आणि रात्रीची वेळ.