गच्चीवर तंबू

काल आणि आज, सगळा वेळ गच्चीवर गेला. पुढच्या शनिवारी भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय. जूनच्या तोंडावर तिथे वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दोन वर्षं माळ्यावर पडलेला तंबू खाली काढला.

उघडताच कोंदट वास आला. वरच्या कापडाचा आतला, पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर अजून चांगला आहे, पण शिवणींवरची पट्टी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती. आणि पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच, सुईच्या भोकांतून. सुटलेली पट्टी सोलून काढली, स्पिरिटच्या बोळ्याने शिवणी पुसल्या आणि जुन्या टूथब्रशने सीलर लावलं. सिलिकॉनचं सीलर पीयूवर धरत नाही, म्हणून पॉलियुरेथेनचंच आणलं होतं. रात्रभर सावलीत वाळू दिलं. घाई करून ओलं गुंडाळलं की सगळं एकमेकांना चिकटतं.

आज दुपारी तंबू उभा करून वरून पाइपने पाणी सोडलं. लेक टॉर्च घेऊन आत बसली होती. बराच वेळ नुसता टपटप आवाज. मग आतून हाक आली, “बाबा, इथे!” मागच्या कोपऱ्यात, दोरी बांधायच्या कडीपाशी, एक थेंब.

मागच्या वेळी याच कोपऱ्यात तिची पथारी भिजली होती आणि ती पहाटेपर्यंत कुडकुडत बसली होती. ते मी विसरलेलो नाही. उद्या ऑफिसातून आलो की तेवढा कोपरा पुन्हा करतो.