रिव्हर्स टाकल्यावरचे चार सेकंद

गाडी सोडताना साहेब म्हणाले, "मागे कॅमेरा टाकायचाय. आणि भिंतीला जराशी घासली होती, तेव्हापासून एक सेन्सर बोंबलतोय, तोही बघून घ्या." मी वहीत तेवढंच लिहिलं. भिंतीला घासली असेल, तर रंगावर भिंतीचा चुना किंवा सिमेंट लागलेलं असतं. या बंपरवर तसलं काहीच नव्हतं. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

गाडी २०१४ची, जर्मन, दोन टनांच्या वर वजन, लांबीला पाच मीटरच्या जरा आत. साहेबांनी ती सेकंडहँड घेतलेली. त्या वर्षीच्या खालच्या व्हेरियंटला समोर भलामोठा स्क्रीन आहे आणि मागे कॅमेरा नाही. अधिकृत सर्विस सेंटरने त्यांना "या मॉडेलला होत नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. होत नाही असं नसतं. त्यांना त्या कामात डोकं घालायचं नसतं. फिरत फिरत अशी गाडी मग आमच्यासारख्या वायरमनकडे येते.

छोट्या गाडीला कॅमेरा टाकणं तासाभराचं काम. रिव्हर्स लाइटच्या वायरवरून करंट घ्यायचा, पिवळ्या पिनची केबल पुढे स्टिरिओत खोचायची, झालं. या गाड्यांत तसं केलं की घोटाळा होतो. इथे रिव्हर्स लाइटला सरळ बारा व्होल्ट मिळत नाहीत. गाडीचा कॉम्प्युटर तुकड्यातुकड्यांनी करंट सोडतो आणि बल्ब जिवंत आहे का हे बघायला मधूनमधून बारीक झटका पाठवतो. त्यावर कॅमेरा टॅप केला की चित्र थरथरतं, नाहीतर मीटरवर बल्ब गेल्याची सूचना येते. मग कोणीतरी त्यावर आणखी काहीतरी जोडतं, आणि दोन महिन्यांनी सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. कडक प्लॅस्टिकच्या चिमटा-क्लिपा लावून केलेली अशी कामं मी इतकी उपसून काढली आहेत की, आता ट्रिम उघडल्या उघडल्या वास येतो.

केबल टाकायलाच मला अर्धा दिवस लागतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. डिकीचा दरवाजा आणि छत यांच्यामध्ये रबरी नळी असते. दरवाजा उघडमिट होताना सगळ्या वायरी तिच्यातच वाकतात. नवी केबल तिच्यातूनच न्यायची, सिलिकॉन मारून, कडक तारेने ओढून, आणि आत थोडी ढील ठेवायची. ढील नसेल तर वर्षभरात तांब्याची एकेक तार तुटत जाते आणि दरवाजा लावला की चित्र जातं. पुढे केबल छताच्या कडेने जाते आणि तिथे पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. केबल तिच्या मागून न्यायची. टायने एअरबॅगला बांधायची तर अजिबात नाही. ट्रिमला हात लावण्याआधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचं. माझ्या हाताखालचा पोरगा आधी जिथे होता तिथे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे मुख्य युनिट आणि स्क्रीन यांना जोडणाऱ्या केबलच्या मध्ये इंटरफेसचा डबा बसवतात. गिअर रिव्हर्सला गेला हे तो गाडीच्या कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्यावरून, वाचतो आणि स्क्रीनवर गाडीच्या मेनूऐवजी कॅमेऱ्याचं चित्र सोडतो. कॅमेऱ्याच्या शेपटीला वायरीची दोन छोटी वळी असतात. एक कापलं की मार्गदर्शक रेषा जातात, दुसरं कापलं की चित्राची डावी-उजवी बदलते. हे न बघता सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ड्रायव्हर उजवीकडचा खांब डावीकडे समजून स्टिअरिंग फिरवत असतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं. नंबर प्लेटच्या लाइटशेजारी कॅमेरा असा बसला होता की कंपनीचाच वाटावा. रिव्हर्स टाकला. स्क्रीन काळा झाला, एक, दोन, तीन, आणि चित्र आलं. स्वच्छ, न थरथरणारं. मला समाधान वाटलं. कॅमेऱ्याचा करंट मी इंटरफेसच्या रिव्हर्स आउटपुटवरून दिला होता. म्हणजे गिअर पडल्यावर कॅमेरा शून्यातून चालू होणार, मग इंटरफेस सिग्नल स्थिर झाला का ते बघणार आणि मग चित्र सोडणार. डब्यासोबतच्या कागदावर अशीच जोडणी दाखवलेली असते. याआधी तीन गाड्या मी अशाच दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सरसाठी बंपर उतरवला. मधल्या सेन्सरचा होल्डर आतून उखडला होता, म्हणून सेन्सर तिरका होऊन जमिनीकडे बघत होता. होल्डर सोडवायला हात घातला तर बोटाला काहीतरी मऊ लागलं. गुलाबी प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या. लहान मुलींच्या तीनचाकी सायकलच्या हँडलला असतात तशा, मुठीसकट. मूठ मधोमध चिरली होती.

ड्रायव्हर मामा अकराला गाडी न्यायला आले. पन्नाशीचे, बीडकडचे, कमी बोलणारे. मी ती मूठ बाकड्यावर ठेवली आणि काहीच विचारलं नाही. ते खाली बसले.

"वॉचमनची लेक हाय तीन वर्सांची," ते म्हणाले. "सायकल माझ्या मागं लावून चप्पल आणाया गेली व्हती. सकाळची येळ, सायबाला एअरपोर्टला सोडायचं व्हतं. मी दोन्ही आरशात बघितलं. आरशात काय बी नव्हतं. अन् मग करकर आवाज झाला." थोडं थांबून म्हणाले, "मी उतरलोच नाही बराच येळ. मला वाटलं लेकरू हाय."

मी विचारलं, सेन्सर वाजला नाही का?

"त्यो तर रोजच वाजतो की. मागं कुंड्या हायती."

त्यात सगळं आलं. सेन्सर बंपरमध्ये जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतात. ते आवाजाच्या लहरी सोडतात आणि परत आलेल्या मोजतात. भिंत, मोठी गाडी, जाड खांब त्यांना नीट कळतो. बुटकी सायकल, तिची गोल बारीक नळी, यावरून आवाज भलतीकडेच उडतो. आणि कळलं असतं तरी काय? जी घंटा रोज सकाळी कुंड्यांसाठी वाजते ती त्या सकाळीही कुंड्यांसाठीच वाजते आहे असं माणसाने का समजू नये? मामांना मी दोष देऊ शकत नाही.

साहेबांचा मात्र मला राग आला, अजून पुरता गेलेला नाही. माणूस वाईट नाही. त्या मुलीला नवी सायकल त्यांनी त्याच दिवशी आणून दिली आणि कॅमेऱ्याचं त्यांनीच मनावर घेतलं. पण मला सांगितलं, भिंतीला घासली. खरं कारण कळलं असतं तर मी काम वेगळं केलं असतं. भिंतीसाठी लावलेला कॅमेरा चार सेकंदांनी आला तरी चालतो, भिंत कुठे जात नाही.

आदल्या संध्याकाळी मोजलेलं "एक, दोन, तीन" मला तेव्हा आठवलं. मी मोबाइलवर स्लो-मोशन लावलं, सेकंदाला २४० फ्रेमचं. गिअरचा दांडा आणि स्क्रीन दोन्ही एका चौकटीत घेतले आणि पोराला रिव्हर्स टाकायला सांगितलं. मग फ्रेम मोजल्या. दांडा बसल्यापासून चित्र येईपर्यंत ९१० फ्रेम. म्हणजे ३.८ सेकंद.

ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक सोडला की ती आपोआप सरकते. ताशी ५ किलोमीटर धरले तर सेकंदाला जवळपास १.४ मीटर. पावणेचार सेकंदांत पाच मीटरांहून जास्त. सुरुवात हळू झाली असं धरलं तरी तीन-चार मीटर गाडी काळ्या स्क्रीनवर मागे जाणार. सायकल मागच्या चाकापासून तीन मीटरसुद्धा लांब नव्हती.

साहेबांना फोन केला, गाडी आज मिळणार नाही. ते चिडले. संध्याकाळी पाहुणे होते. मी म्हणालो, "साहेब, मला बंपरमध्ये सायकलची मूठ सापडली." पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "घ्या वेळ."

उपाय वरवर सोपा होता. कॅमेरा रिव्हर्सवर न ठेवता इग्निशनवर ठेवायचा. तो सतत चालू राहील आणि रिव्हर्स पडल्यावर फक्त चित्र बदलायचं राहील. तसं केलं आणि फ्रेम मोजल्या: १७०. पाऊण सेकंदाच्या आत. पोरगा खूश झाला. पण मामांची वेळ होती सकाळची. रात्रभर झोपलेली गाडी, बटण दाबलं, लगेच रिव्हर्स. मी सगळं बंद करून गाडी लॉक केली, तासभर थांबलो आणि मामा करतात तसं केलं. कॅमेरा नुकता जागा होत होता, इंटरफेसही त्याच्या मागोमाग. पुन्हा तीन सेकंदांच्या वर. ज्या रिव्हर्ससाठी एवढा खटाटोप, नेमका तोच आंधळा.

दिवसाचा उरलेला वेळ त्यात गेला. या गाड्यांत एक लाइन अशी असते की दार अनलॉक केल्यावर जिवंत होते आणि गाडी पूर्ण झोपली की मरते. कुठल्या फ्यूजवर ती येते हे मी टेस्ट लॅम्प घेऊन एकेक करून शोधलं, कारण माझ्याकडचं सर्किट या वर्षाच्या गाडीशी जुळत नव्हतं. कॅमेरा आणि इंटरफेस दोन्ही तिच्यावर टाकले, स्वतंत्र फ्यूज देऊन. रिले नाना पेठेतून मागवला. फिल्टरचा कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळाला, दोन दुकानं फिरून. आता दार उघडून, बसून, पट्टा लावून, बटण दाबेपर्यंत कॅमेरा जागा झालेला असतो. सकाळच्या त्याच चाचणीत १८५ फ्रेम आल्या.

पण आता बॅटरीचा प्रश्न. झोपलेली गाडी किती करंट खाते ते मोजल्याशिवाय असं काम द्यायचं नसतं. रात्री बॅटरीच्या लाइनमध्ये मीटर लावला, बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद केलं म्हणजे गाडीला वाटावं सगळं लागलंय, आणि चावी लांब नेली. अशा गाड्या लगेच झोपत नाहीत. अर्धा तास तरी त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. पाऊण तासाने आकडा २६ मिलिअँपिअरवर स्थिरावला. आमची लाइन मेली होती. ते बघून घरी गेलो.

झोप आली नाही म्हणून वाचत बसलो. अमेरिकेत २००२ साली लाँग आयलंडवर एका डॉक्टर बापाच्या हातून, एसयूव्ही मागे घेताना, त्याचा दोन वर्षांचा मुलगा कॅमरन गेला. बाप मुलांचाच डॉक्टर. पुढे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, २००८ साली त्यावर सही झाली आणि १ मे २०१८ पासून तिकडच्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. त्या नियमात गाडीच्या मागे १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा दिसायला हवा असं आहे. आणि रिव्हर्स टाकल्यापासून चित्र २ सेकंदांत आलं पाहिजे. दोन सेकंद! कुणीतरी बसून ते मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण बाहेर बसवलेल्या कॅमेऱ्याचे सेकंद कोण मोजणार? मीच मोजायला हवे होते.

गाडी देताना मामांना बसवलं आणि मागे रंगाची वीस लिटरची बादली ठेवली, कुठे ते त्यांना न सांगता. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि सवयीने उजव्या आरशाकडे बघितलं. तीस वर्षांची सवय. बादली स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती, त्यांनी स्क्रीन बघितलाच नाही. मी काचेवर हात मारून थांबवलं. मग आम्ही वीसेक वेळा तेच केलं: ब्रेक दाबूनच रिव्हर्स, चित्र येईस्तोवर ब्रेक सोडायचा नाही, खालच्या कडेला आपला बंपर दिसतो का बघायचं, मग आरसे. बंपरची कड चित्रात यावी म्हणून मी कॅमेरा मुद्दाम खाली झुकवलाय. बरेच जण आभाळ दाखवतात, चित्र छान दिसतं म्हणून. लेन्सही रुंद कोनाची असते, वस्तू आहे त्याहून लांब वाटते. हेही त्यांना बादलीजवळ उभं करून दाखवलं. निघताना मामांनी ती गुलाबी मूठ मागून घेतली. कशाला ते मी विचारलं नाही.

साहेबांनी जादा दिवसाचे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत, कारण चार सेकंदांची गाडी मी त्यांना देणारच होतो. बंपर उतरवायचा नसता तर दिलीच असती.

आधीच्या तीन गाड्यांना त्याच आठवड्यात फोन केले. एक जण लगेच आले, दोन तासांत करून दिलं, पैसे घेतले नाहीत. दुसरे म्हणाले, "अहो, मस्त चाललंय की, कशाला उघडताय?" मी सेकंदांचं सांगितलं, ते म्हणाले बघू. पुन्हा दोनदा फोन केला, बघूच चाललंय. तिसऱ्यांचा नंबर बंद आहे. गाडी विकली असेल, किंवा गाव बदललं असेल. वहीत फक्त गाडीचा नंबर आहे. पांढरी, सनरूफवाली. खराडी बायपासला तशी गाडी पुढे दिसली की मी जवळ जाऊन नंबर वाचतो.